टीव्हीतलं गेलं काय?



मृगाच्या पहिल्याच पावसात आमच्या गटाच्या खोलीतला टीव्ही बिघडला. वीज कडाडली, लाइट गेली, परत आली, आणि त्यानंतर नुसता आवाज येत राहिला. चित्र नाही. महिन्याच्या बैठकीत दुसरा विषयच निघेना. काही जणी म्हणाल्या, घाटंजीच्या बाजारातून हप्त्यावर नवा आणू. बाकीच्या म्हणाल्या, पेरणीच्या तोंडावर बचतीतले पैसे काढायचे नाहीत, कोणाला बियाण्याला लागतील. आवाज चढायला लागले तशा आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशी बोलल्या, "अवं, पन त्यातलं गेलं काय, हे तं कोनी पाहा!"

त्यावरून आम्ही मागचं आठवायला बसलो.

आपल्या राज्यात टीव्ही आला तो मुंबईत, २ ऑक्टोबर १९७२ ला. खेड्यांसाठी मोठा प्रयोग झाला १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात. उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शेतीचे, आरोग्याचे कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. पण त्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. गावोगाव सार्वजनिक संच ठेवले, तसे ते चालू ठेवणारे दुरुस्तीवालेही नेमले होते. आता वस्तू विकणारा दारापर्यंत येतो, दुरुस्त करणारा शोधावा लागतो.

१५ ऑगस्ट १९८२ पासून चित्र रंगीत झालं. १९८४ मध्ये देशभर जवळजवळ दिवसाला एक या वेगाने प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि टीव्ही लहान गावांकडे सरकू लागला. आपल्याकडे तो घरात आला कापसाच्या चुकाऱ्यावर. एकाधिकार खरेदीचे पैसे हाती पडले की आधी देणी, मग बियाणं, आणि काही उरलंच तर टीव्ही. लाकडी पेटी, तिला सरकती दारं, कोणाकडे तर कुलूपही. २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं आणि रविवारी सकाळी ज्याच्याकडे टीव्ही त्याचं घर गच्च भरू लागलं. एक पोरगं छतावर अँटेना फिरवायचं, खालून सगळे ओरडायचे, "मुंग्या आल्या, थोडा इकडं!" बायका मागे, दाराशी. वेचणी बायकांनी केलेली, पण टीव्ही कोणता घ्यायचा हे त्यांना विचारल्याचं आमच्यातल्या एकीलाही आठवत नाही.

तो बिघडला तर टाकून द्यायचा, हे मात्र कोणाच्या मनातही येत नव्हतं. गोधडीत गुंडाळून, बंडीत घालून तालुक्याला न्यायचा. तेव्हा आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचं शिक्षण मिळायचं. दुकानात टेबलावर उघडा टीव्ही, आणि त्याच्या समोर एक आरसा. मेकॅनिक मागच्या बाजूला काम करणार, मग पडद्यावर काय उमटतं ते त्याला कसं दिसावं? म्हणून आरसा. पडद्यावर मधोमध एकच पांढरी रेघ दिसली तर बहुतेक वेळा काम थोडक्यात भागायचं. चित्र फिकं झालं, यायला वेळ लागू लागला, तर तो म्हणायचा, "ट्यूब वीक झाली." हे ऐकलं की घरात शांतता. पिक्चर ट्यूब हाच टीव्हीतला महागाचा भाग. ती ठीक असेल तोवर दुरुस्ती परवडायची.

मग बाजार बदलला. औरंगाबादकडे टीव्ही बनवणारी व्हिडिओकॉन कंपनी एकेकाळी घरोघरी माहीत होती. तीच २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. कंपनी राहिली नाही की पार्ट आणि गॅरंटी कोणाकडे मागायची? काचेच्या ट्यूबा मागे पडल्या आणि चपटे पडदे आले.

तरी हिशोब तोच राहिला. ट्यूबची जागा आता पॅनलने, म्हणजे पुढच्या पडद्याने, घेतली. पॅनल फुटलं किंवा त्यावर काळे डाग पसरले तर बहुतेक वेळा नवा घेणंच बरं. टीव्ही मुळीच चालू होत नसेल तर आधी पॉवर सप्लाय तपासावा. व्होल्टेज कमी-जास्त होऊन तो जातो आणि पुष्कळदा थोडक्यात दुरुस्त होतो. आवाज आहे पण चित्र नाही, असं असेल तर अंधारात पडद्यावर तिरपी बॅटरी मारून पाहावी. पुसट चित्र दिसलं तर पॅनल चांगलं असतं, मागच्या उजेडाच्या पट्ट्या तेवढ्या गेलेल्या असतात. मागचं झाकण मात्र आपण उघडू नये. जुन्या ट्यूबवाल्या टीव्हीत तर स्विच काढल्यावरही जिवावर बेतेल असा झटका साठलेला असतो.

मेकॅनिकला विचारायला लाजू नका. कोणता पार्ट, किती रुपये, किती महिन्यांची गॅरंटी, हे कागदावर घ्या आणि जुना पार्ट परत मागा. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची माहिती मिळते. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि आभाळ गडगडलं की टीव्हीचा प्लग काढाच, डिशची वायरही काढा. आमचं तेवढंच राहून गेलं होतं.

आम्ही खिडकीला चादर लावून बॅटरी मारली. बातम्या देणारी बाई पुसट दिसली, आणि खोलीत एकच गलका झाला. दुसऱ्या दिवशी दोघी जणी मेकॅनिककडे गेल्या, लिहून आणलं. खर्च नव्या टीव्हीच्या चौथाईपेक्षाही कमी निघाला. हात वर करून मत घेतलं: नऊ जणी दुरुस्तीच्या बाजूने, दोघी नव्याच्या. त्या दोघी अजून म्हणतात, वर्षभरात परत बिघडेल. बिघडेलही. गॅरंटीचा कागद आम्ही ठरावाच्या वहीत चिकटवून ठेवला आहे.

मावशींच्या घरी १९८७ सालचा टीव्ही अजून आहे. मुलगा म्हणतो, ट्यूब फोडून तांबं काढू. मावशी फोडू देत नाहीत, कारण त्या काचेत शिसं असतं हे त्यांनी आमच्याकडून ऐकलं. असा कचरा भंगारात न फोडता नोंदणी असलेल्या केंद्राकडे द्यायचा असतो. ते केंद्र जवळ कुठे आहे, याची चौकशी पुढच्या बैठकीपर्यंत करायची असं ठरलं आहे. तोवर टीव्ही ओसरीवर आहे, वर वाळत घातलेल्या मिरच्यांची पाटी.