भंडाऱ्याच्या भात्याला पोलाद कुठून आलं?

भंडारा म्हटलं की पितळेची भांडी आठवतात. मात्र पितळ ठोकायला, खरवडायला, त्यावर नक्षी उठवायला पितळेपेक्षा कठीण काहीतरी हातात असावं लागतं, आणि ते पोलादच असतं. पितळेचं कौतुक पुष्कळ झालं. ज्या हत्यारांनी ते घडलं, त्यांची विचारपूस फारशी कुणी केली नाही. ती केली तर या जिल्ह्यात पोलाद नेहमी वाटेवरून आलं, असं दिसतं.

अगदी सुरुवातीला मात्र वाट लांबची नव्हती. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात नायकुंडला महापाषाणकालीन लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली. तिला सुमारे २७०० वर्षं झाली. माहुरझरीच्या शिळावर्तुळांतून लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्यांचे लगामही निघाले. कोळशाच्या अशा भट्टीतून वितळलेला रस वाहत नाही. मळीने भरलेला सच्छिद्र गोळा निघतो. तो ठोकून मळी काढायची. त्याचा काही भाग मऊ, तर जिथे कोळशातला कार्बन मुरला तो भाग कडक. हत्याराच्या धारेला कुठला तुकडा लावायचा, ही निवड तेव्हापासूनची.

मग रेल्वे आली. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत पोचली. कोळसा जाळून गाळलेल्या गावठी लोखंडाला रेल्वेने येणाऱ्या विलायती सळ्यांपुढे टिकाव धरता आला नाही. ब्रिटिश अधिकारी रसेलने १९१६ च्या जाती-जमातींवरच्या आपल्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या लोहार, खाती, घिसाडी यांची नोंद केली, ती लोखंड गाळणारे म्हणून नव्हे, घडवणारे म्हणून.

त्याच रुळांवरून उलट दिशेने काय गेलं? मँगनीज. विसाव्या शतकाच्या आरंभी तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्ग या पट्ट्यात खाणी सुरू झाल्या. भूशास्त्रज्ञ फर्मोरने १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथच लिहिला. इंग्लंडमध्ये धातुशास्त्रज्ञ हॅडफील्डने १८८२ मध्ये मँगनीज पोलाद तयार केलं होतं, आणि साध्या पोलादातलं गंधक आवरायलाही मँगनीज लागतंच. भंडाऱ्याचं खनिज जहाजाने परदेशी जाई. भंडाऱ्याचा लोहार मात्र झिजलेली कानस जपून ठेवी. या खाणी १९६२ मध्ये मॉईल या सरकारी कंपनीकडे आल्या.

पुढची वाट हमरस्त्याची. मुंबई-कोलकाता महामार्ग भंडारा, लाखनी, साकोलीतून जातो. ट्रकची तुटलेली कमानपट्टी म्हणजे अर्धा ते पाऊण टक्का कार्बन आणि सोबत सिलिकॉन, मँगनीज असलेलं तयार पोलाद, तेही भंगाराच्या भावात. विळा, कुऱ्हाड, सब्बल यांना याहून सोयीचा माल क्वचितच मिळेल. पारख सहाणेच्या चाकावर होते: मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात, कार्बन जास्त असला की त्या फुलबाजीसारख्या फुटतात. जुन्या कानशीत कार्बन सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणून तिची पटाशी किंवा खरवडणी उत्तम होते. आधी मात्र ती लाल करून राखेत पुरून सावकाश निववावी लागते. धानाच्या या मुलखात तुसाची राख मुबलक मिळते. पोलाद कारखान्यांतही वितळलेल्या पोलादाची उष्णता टिकवायला हीच राख वर पसरतात.

भंगाराचा एक दोष आहेच: त्याचा पूर्वेतिहास कळत नाही. लाखो हेलकावे खाल्लेल्या पट्टीत न दिसणारी चीर असू शकते, आणि ती नेमकी पाणी देताना उघडते. विळ्याला ते परवडतं. पत्र्याला भोकं पाडणाऱ्या डाय-पंचला नाही. तिथे बाजारातलं ओएचएनएस लागतं, म्हणजे तेलात कडक होणारं, आकार फारसा न बदलणारं पोलाद. ते तेलात कडक होतं त्यात मोठा वाटा मँगनीजचा. तुमसरच्या मातीतलाच धातू, फार मोठा वळसा घालून परतलेला. हे पोलाद पाण्यात विझवणं म्हणजे तडा ओढवून घेणं. उत्पादन मोठं असेल तर बारा टक्के क्रोमियमचं एचसीएचसी. पाच-पन्नास नगांसाठी त्याच्या नादी लागू नये: ते महाग, घासायला चिवट, आणि हजार अंशांच्या आसपास तापवावं लागत असल्याने साध्या भात्याच्या आवाक्याबाहेरचं.

वरठीला सनफ्लॅगचा कारखाना मोटारींसाठी मिश्र पोलाद बनवतो. पण असे कारखाने टनांत विकतात, हातभर तुकडा कापून देत नाहीत. छोट्या कारागिराला नागपुरातल्या इतवारीची लोहाओळी गाठावी लागते. तिथे टेस्ट सर्टिफिकेट मागायला संकोचू नये. दांड्याच्या ज्या टोकाला जातीचा रंग लावलेला असतो, ते टोक सर्वांत शेवटी कापावं. रंग गेला की ओएचएनएस आणि साधं लोखंड नुसत्या डोळ्यांनी वेगळं ओळखता येत नाही.