नर्तकाची घडण : मल्लखांब कीं बॅले ?

सन १९३६ च्या उन्हाळ्यांत हिंदुस्थानांतून गेलेल्या दोन मंडळ्यांनीं बर्लिन शहरांत आपापली विद्या दाखविली. जुलै महिन्यांत तेथें आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा झाल्या; त्यांत मॅडम मेनका यांचा नृत्यसंच उतरला होता. पुढच्याच महिन्यांत ऑलिंपिक सामने भरले, आणि त्या प्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनीं आपल्याकडील मर्दानी खेळ व मल्लखांब करून दाखविले. एकीकडे घुंगरू, दुसरीकडे एरंडेल चोपडलेला खांब. दोन्हीकडे वर्षानुवर्षें कमावलेलीं शरीरेंच होतीं. पण तीं कमावण्याचा हेतु अगदीं निराळा होता.

हा जुना प्रसंग आज काढण्याचें कारण असें कीं, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, ज्या घरांत नाचाची ओढ असलेलें मूल आहे त्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो : याला आधीं जिम्नॅस्टिक्सला घालावें कीं बॅलेला ? दोन्ही वर्गांची फी भरण्याची ऐपत थोड्यांचीच. शिवाय आठ ते बारा हीं वर्षें निघून गेलीं कीं तीं मुलाला परत कोण देणार ?

बॅलेचें मूळ राजवाड्यांत आहे. फ्रान्सचा चौदावा लुई हा स्वतः नाचणारा राजा. त्यानें १६६१ सालीं नृत्याची राजमान्य संस्था स्थापिली. त्याचा नृत्यशिक्षक पिएर बोशां यानें पायांच्या पांच मूलस्थिति नेमून दिल्या. त्याच आजही पहिल्या धड्याला शिकवितात. मांडी कमरेच्या सांध्यांतून बाहेर वळवावयाची, हा तेथील पहिला नियम. आपण पाहणाराला कसे दिसतों, हा विचार त्या विद्येंत आरंभापासूनच मुरलेला आहे.

जिम्नॅस्टिक्सचा जन्म दरबारांत झालेला नाहीं. फ्रीड्रिश लुडविग यान यानें १८११ सालीं बर्लिनजवळच्या हाझेनहाइडे येथें उघड्या माळावर आखाडा घातला, तो नेपोलियनपुढें वांकलेल्या प्रशियाचे तरुण पुन्हा ताठ उभे राहावेत म्हणून. आपल्या मल्लखांबाचीही जात हीच. बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत त्याचा उल्लेख सांपडतो, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं त्याला नवें जीवन दिलें. खांब म्हणजे कुस्तीगिराचा न बोलणारा जोडीदार. अढी, बगली, दसरंग, फिरकी हीं सारीं त्या जोडीदाराशीं झोंबण्याचीं रूपें आहेत. तीं सुंदर दिसतात, हा आपला लाभ. त्यांचा हेतु तो नव्हता.

आतां प्रत्यक्ष शरीराकडे वळूं. जिम्नॅस्टनें उडी घेतली कीं तिचा शेवट जमिनीवर होतो. दोन्ही पाय जुळलेले, गुडघे किंचित् वांकलेले, आणि तेथेंच खिळून राहावयाचें. पाऊल सरकलें कीं गुण कापले. बॅलेंत उडी संपत नाहीं. बोटें, चवडा आणि मग टांच, अशा क्रमानें पाय आवाज न होऊं देतां टेकतो, आणि त्या टेकण्यांतूनच पुढची गति निघते. माझ्या मतें दोन्ही शिक्षणांतील सारा भेद या एका क्षणांत सांठलेला आहे. पहिलें शिक्षण शरीराला बळ, निर्भयता आणि हवेंत असतांना आपण कोठें आहोंत याचें भान देतें; दुसरें एका हालचालीला दुसरीशीं सांधावयास शिकवितें. लहानपणापासून निव्वळ कसरत केलेला मुलगा नाचूं लागला म्हणजे त्याच्या कोलांट्या डोळे दिपवितात, पण दोन कोलांट्यांच्या मध्यें तो नुसता चालत असतो.

याचा उलटा दाखलाही आहे. सोव्हिएट जिम्नॅस्ट लारिसा लातिनिना हिनें लहानपणीं प्रथम बॅलेचे धडे घेतले, आणि मग १९५६ ते १९६४ या तीन ऑलिंपिकांत मिळून अठरा पदकें मिळविलीं. म्हणजे बॅले केल्यानें कसरतीचें बळ येत नाहीं असें नव्हे.

मग बॅलेचाच मार्ग धरावा काय ? येथें आपल्याकडील अनुभव सावध करतो. उदय शंकर १९२३ सालीं लंडनला अॅना पाव्हलोवा यांच्याबरोबर नाचले. त्यांना बॅले शिकण्याची इच्छा झाली, तेव्हां बाईंनीं त्यांस आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचा सल्ला दिला, असें सांगतात. मेनकांनींही बॅलेकडून घेतला तो कथानकाचा सांगाडा आणि समूहाची बांधणी. पाय कथ्थकाचेच ठेवले. यांत स्वदेशाभिमानापेक्षां शरीरशास्त्र अधिक आहे. बॅलेचा पाय जमिनीपासून सुटूं पाहतो, तर कथ्थकाचा तत्कार सपाट तळव्यानें जमिनीलाच बोलकी करतो. भरतनाट्यमच्या अर्धमंडलींत गुडघे बाहेर वळतात खरे, पण वजन खालीं बसलेलें असतें.

या प्रश्नाचें एक उत्तर आपल्या उपनगरांतच शोधलें गेलें. १९४४ च्या सुमारास जननाट्य संघाचें केंद्रीय पथक अंधेरीस एकत्र राहूं लागलें. नृत्याची धुरा शांति बर्धन यांच्याकडे होती. मणिपुरी नृत्यांत मुरलेले बर्धन अल्मोड्यास उदय शंकरांच्या केंद्रांतून आलेले. पथकांतील पुष्कळ जणांच्या घरीं नृत्याची परंपरा नव्हती. 'अमर भारत' या नृत्यनाट्याला संगीत दिलें तें तरुण रविशंकर यांनीं. पथक पुढें मोडलें. परंतु १९५२ सालीं बर्धन यांनीं अंधेरींतच लिटल बॅले ट्रूप उभा केला. त्यांचें 'रामायण' कळसूत्री बाहुल्यांच्या चालीनें बसविलेलें होतें. बाहुलीची चाल वरवर सोपी वाटते. पण एक सांधा हलवावयाचा आणि बाकीचें सारें शरीर लांकडासारखें स्तब्ध ठेवावयाचें, याला खांबावर लटकणाऱ्याचें बळ लागतें आणि नर्तकाचा कानही लागतो. पुढचें 'पंचतंत्र' बर्धन यांच्या पश्चात् त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुरें केलें, कारण ते १९५४ सालींच वारले. गुल बर्धन यांनीं मंडळी सांभाळली, आणि १९६४ सालीं ती ग्वाल्हेरीस गेली. अंधेरीला त्याची आठवण फारशी राहिलेली नाहीं, हें मला खटकतें.

संस्थेच्या नांवांत बॅले होतें, तरी पाश्चात्त्य मूलस्थितींवर तिची उभारणी नव्हती. जी कृति करावयाची तिला लागेल तेवढें शरीर घडवावयाचें, अशी बर्धनांची रीत होती.

अलीकडे मुंबईच्या परिसरांतील मनीष चौहान व अमीरुद्दीन शाह हे दोन तरुण येहुदा माओर या इस्रायली गुरूकडे बॅले शिकले. कोलांट्या आणि रस्त्यावरचा नाच यांतून ते आलेले. शाह यांना २०१७ सालीं लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्यें प्रवेश मिळाला. या दोघांच्या कथेवर २०२० सालीं एक चित्रपटही निघाला. कसरतीनें त्यांना दारापर्यंत आणलें, पण आंत शिरतांना पावलें पुन्हा आरंभापासून गिरवावीं लागलीं.

म्हणून मी पालकांना असें सुचवीन : आठ-दहा वर्षांपर्यंत मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्स बेताचें असावें, आणि त्याच्या जोडीला तालाचें शिक्षण, मग तें कोणत्याही नृत्याचें असो. पाठ दुखते म्हणून मूल सांगत असेल तर कमान टाकणें त्याच दिवशीं थांबवावें. मुलाला खरोखर बॅलेच करावयाचें असेल तरच बॅले. सर्वसाधारण व्यायाम म्हणून ती शिकण्यांत अर्थ नाहीं. आणि बोटांच्या टोकांवर उभें राहण्याचे ते कडक बूट साधारण अकरा-बारा वर्षांच्या आंत, घोट्यांत पुरेसें बळ आल्याशिवाय, मुलीच्या पायांत चढवूं नयेत. जाणते शिक्षक स्वतःच त्याला नकार देतात. जे देत नाहींत त्यांचा वर्ग सोडावा.