टॉर्क कन्व्हर्टर क्लच अडकलाय का? गिअरबॉक्स उतरवण्याआधी मोबाइलवर असं तपासा

तुमच्या घरची ऑटोमॅटिक गाडी रस्त्यावर छान पळते, पण ब्रेक दाबून थांबवली की हिसका देऊन बंद पडते? असं होत असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. आमच्या गंगाखेडला मामांच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

मामांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. क्लच दाबणं जमत नाही म्हणून त्यांनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. गंगाखेड ते परभणी भाडं मारतात, त्यात दवाखान्याचे पेशंट जास्त. एक दिवस फोन आला, "अरे, ब्रेक दाबला की बंद पडायलीय बघ. गॅरेजवाला म्हणतोय गिअरबॉक्सच उतरवावा लागंल, लाखाच्या आसपास धरा." मी म्हटलं, "मामा, पैसे देऊ नका. आधी मी येऊन बघतो."

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय?

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसवलेला हा तेलाने भरलेला गोल डबा. समजा दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिनकडचा पंखा म्हणजे इम्पेलर, गिअरबॉक्सकडचा पंखा म्हणजे टर्बाइन. दोघांच्या मधला स्टेटर तेलाची दिशा वळवून सुरुवातीला ताकद वाढवतो. जर्मन इंजिनिअर हर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं.

याचा फायदा म्हणजे गाडी उभी असताना टर्बाइन थांबलेलं असलं तरी इंजिन चालू राहतं. तोटा असा की तेलातून ताकद जाताना थोडी वाया जाते आणि तेल तापतं. म्हणून आत एक क्लच दिलेला असतो, त्याला लॉक-अप क्लच किंवा टीसीसी म्हणतात. गाडीने वेग घेतला की हा क्लच दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट जोडतो. १९४९ च्या पॅकार्ड गाडीत असा क्लच होता. आज त्याला कधी लावायचं आणि कधी सोडायचं हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो आणि सोलेनॉइड नावाच्या छोट्या विजेच्या व्हॉल्व्हमार्फत तेलाचा दाब देतो.

तुमच्या गाडीत हा भाग आहे का?

हे आधी बघा, नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल. एएमटी गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. आपल्याकडच्या बहुतेक एएमटी गाड्यांच्या गिअर लिव्हरवर 'पी' लिहिलेलं नसतं, ही सोपी खूण. डीसीटी गाडीत 'पी' असतो, पण टॉर्क कन्व्हर्टर नसतो. इनोव्हा क्रिस्टा, एक्सयूव्ही ७००, २०२२ ची ब्रेझा यांच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये तो आहे. खात्री नसेल तर गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल उघडा.

अडकणं दोन प्रकारचं

१) लागलेल्या अवस्थेत अडकणं: क्लच सुटतच नाही. बाइक गिअरमध्ये असताना क्लच न दाबता ब्रेक मारला तर काय होतं? हिसका बसतो आणि इंजिन बंद. इथेही तेच होतं. चालू गाडी 'एन' मधून 'डी' मध्ये टाकली की लगेच बंद पडणं ही दुसरी खूण.

२) सुटलेल्या अवस्थेत अडकणं: क्लच लागतच नाही. गाडी बंद पडत नाही, पण हायवेला आरपीएम नेहमीपेक्षा जास्त राहतं, पेट्रोल-डिझेल जास्त लागतं आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. परभणीच्या मे महिन्यात हे अजून धोक्याचं.

पहिल्या प्रकारात गाडी चालवणं धोकादायक आहे. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका, एकदाच दाबून धरा. गॅरेजपर्यंत न्यायचीच असेल तर थांबायच्या थोडं आधी लिव्हर 'एन' मध्ये घ्या. मामांना मी पहिलं हेच सांगितलं आणि पेशंटची भाडी बंद करायला लावली.

मोबाइलवर कसं तपासायचं?

भारतात २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ आहे. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट असतं. त्यात ईएलएम ३२७ प्रकारचा ब्लूटूथ डोंगल लावायचा आणि मोबाइलवर ओबीडीचं अ‍ॅप उघडायचं. काम झालं की डोंगल काढून ठेवा, कारण त्या सॉकेटला बॅटरीची लाइन कायम चालू असते.

पायरी १: कोड वाचा आणि लिहून ठेवा

टीसीसीचे मुख्य कोड हे:

पी०७४०: टीसीसीच्या सर्किटमध्ये बिघाड
पी०७४१: क्लच लागत नाही, म्हणजे सुटलेल्या अवस्थेत अडकलाय
पी०७४२: क्लच सुटत नाही, म्हणजे लागलेल्या अवस्थेत अडकलाय
पी०७४३: टीसीसीच्या सर्किटमध्ये विजेचा दोष

सगळे कोड लिहा, एकही सोडू नका. स्क्रीनशॉट काढा आणि 'क्लिअर' बटण अजिबात दाबू नका. स्वस्त डोंगल कधी कधी फक्त इंजिनचे कोड दाखवतात, गिअरबॉक्सचे नाही. तसं झालं तर गॅरेजच्या स्कॅनरवर बघायला सांगा.

मामांच्या गाडीत दोन कोड निघाले: पी०७४२ आणि पी०७४३. गॅरेजच्या पावतीवर मात्र पहिलाच होता. माझं डोकं इथेच सटकलं. दुसरा कोड सरळ सांगत होता की आधी वायर बघा.

पायरी २: आरपीएमचा फरक बघा

अ‍ॅपमध्ये इंजिन आरपीएम आणि टर्बाइन आरपीएम (काही ठिकाणी इनपुट शाफ्ट आरपीएम लिहिलेलं असतं) शेजारी लावा. ब्रेक दाबून 'डी' मध्ये उभ्या असलेल्या चांगल्या गाडीत इंजिन समजा ७५० असेल तर टर्बाइन शून्य असतं. क्लच लागला की दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होतात. मामांच्या गाडीत थांबायला आल्यावरही दोन्ही आकडे बरोबरीने खाली येत होते आणि मग इंजिन बंद. म्हणजे क्लच सुटत नाही, हे पक्कं झालं. टर्बाइनचा आकडा प्रत्येक गाडीत मिळेलच असं नाही, त्यासाठी पुढची पायरी आहे.

पायरी ३: ब्रेकला हलका स्पर्श

ही चाचणी मोकळ्या, सपाट रस्त्यावर करा. मागे गाडी नको, आणि मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. ६५-७० च्या वेगाने गाडी स्थिर ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरून ब्रेकला फक्त दिवा लागेल इतकाच स्पर्श करा. क्लच ठीक असेल तर तो क्षणभर सुटतो, आरपीएम दोन-तीनशेने वर जातं आणि परत खाली येतं. काहीच बदललं नाही तर क्लच अडकलाय. आरपीएम नेहमीपेक्षा चढं असेल तर सुटलेला अडकलाय, आणि थांबताना गाडी बंद पडत असेल तर लागलेला अडकलाय. दुसरी लक्षणं असतील तर मात्र आमच्यासारखं करा, ही चाचणी टाळा.

पायरी ४: तेल बघा

तेल काळं आहे का, जळका वास येतो का, धातूचा चुरा दिसतो का? घाणेरड्या तेलाने व्हॉल्व्ह चिकटू शकतो. चुरा असेल तर आतला क्लच झिजल्याची शक्यता वाढते.

पायरी ५: कनेक्टर काढून बघा

हे काम मेकॅनिकसोबतच करा. इंजिन बंद करून गिअरबॉक्सला जाणारा विजेचा कनेक्टर काढायचा, मग हँडब्रेक आणि ब्रेक दाबून गाडी चालू करायची आणि 'डी' मध्ये टाकायची. आता सोलेनॉइडला वीज नाही.

गाडी बंद पडली नाही, तर दोष बहुधा बाहेर आहे: वायर किंवा कॉम्प्युटर.
तरीही बंद पडली, तर दोष आत आहे: सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी किंवा कन्व्हर्टर.

आतला दोष निघाला तरी घाबरू नका. बऱ्याच गाड्यांमध्ये सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी खालचा पॅन काढून बदलता येतात. कन्व्हर्टर बदलायचा असेल तरच गिअरबॉक्स उतरवावा लागतो. कनेक्टर काढल्याने नवे कोड येतात, म्हणून जुने आधी लिहायला सांगितलं.

मामांच्या गाडीचं काय झालं?

गंगाखेडच्याच एका मेकॅनिककडे गाडी नेली. कनेक्टर काढला, 'डी' मध्ये टाकली, आणि गाडी चालूच राहिली! मग वायर हाताने तपासत गेलो. गाडी रात्री कापसाच्या शेडजवळ उभी असायची. उंदराने वायरचं आवरण कुरतडलं होतं आणि आतलं तांबं बॉडीला टेकत होतं. या गाडीत कॉम्प्युटर सोलेनॉइडला अर्थ देऊन तो चालू करतो. वायर बॉडीला टेकली की अर्थ कायमचा मिळाला आणि क्लच कायमचा लागला. वायर जोडली, स्लीव्ह चढवली, कोड क्लिअर केले. नंतर परभणी रोडला दैठण्यापर्यंत जाऊन आलो, चार वेळा थांबून बघितलं. एकदाही बंद पडली नाही.

एक हजारात काम झालं. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लाखासाठी मी गाडी विकायलो होतो रे."

लक्षात ठेवा

प्रत्येक वेळी वायरच निघेल असं नाही, कधी खरंच कन्व्हर्टर गेलेला असतो. पण क्रम हाच ठेवा: कोड, आरपीएम, तेल, वायर, सोलेनॉइड आणि सगळ्यात शेवटी गिअरबॉक्स. कोणी गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं तर दोनच प्रश्न विचारा, "सगळे कोड कोणते निघाले?" आणि "कनेक्टर काढून बघितलं का?" उत्तर मिळालं नाही तर गाडीची चावी परत घ्या.

घरात कोणाची ऑटोमॅटिक गाडी असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.