घरच्या घरी कंडेन्सर माईक : संच, जुळणी आणि दमट हवेची कसोटी

गायकाचा श्वास, तानपुऱ्याची जवारी किंवा टाळांचा लांबत जाणारा नाद बारकाव्यांसह ध्वनिमुद्रित करायचा असेल, तर स्टुडिओत बहुधा कंडेन्सर माईकच पुढे केला जातो. नामांकित बनावटीच्या अशा माईकांची किंमत लाखांच्या घरात जाते. त्यामुळे सुटे भाग, सर्किट बोर्ड आणि धातूचे आवरण असा संच मागवून माईक स्वतः जुळवण्याचा मार्ग घरगुती स्टुडिओ चालवणारे अनेकजण स्वीकारतात. या कामास फार मोठी हत्यारे लागत नाहीत. सोल्डरिंगचा हात बसलेला असला आणि सवड असली की पुरते. मात्र या माईकमध्ये एक जागा अशी असते, की तेथे उमटलेला बोटाचा ठसाही सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. कोकण आणि गोव्यासारख्या दमट प्रदेशात या जागेची ओळख हीच सर्व बांधणीची गुरुकिल्ली ठरते.

रचना आणि कार्य

कंडेन्सर म्हणजे धारित्र, अर्थात विद्युत्‌भार साठवणारा घटक. माईकच्या कॅप्सूलमध्ये सोन्याचा मुलामा दिलेले, सुमारे ६ मायक्रोमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे पटल धातूच्या सच्छिद्र चकतीसमोर ताणून बसवलेले असते. माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी ही जाडी होय. पटल आणि चकती यांमधील अंतर मिलिमीटरच्या काही शतांशांइतकेच असते. या जोडीला साधारण ४५ ते ६० व्होल्टचा स्थिर दाब देऊन भारित केले जाते. ध्वनिलहरींनी पटल हलले की दोहोंतील अंतर बदलते, अंतराबरोबर धारकता बदलते आणि भार तेवढाच राहिल्याने विद्युत्‌दाब ध्वनीबरहुकूम कमीजास्त होतो. डायनॅमिक माईकमध्ये पटलाला तारेचे वेटोळेही हलवावे लागते. येथे तो बोजा नसल्याने सूक्ष्म आणि वेगवान कंपने सहज टिपली जातात.

परंतु मोठ्या कॅप्सूलची धारकता जेमतेम ५० ते ८० पिकोफॅरड असते. एवढ्या दुबळ्या स्रोतातून येणारा संकेत लांब तारेतून वाहून नेता येत नाही. म्हणून कॅप्सूलच्या अगदी खाली एक फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर, म्हणजे एफईटी, बसवतात. तो कॅप्सूलकडून जवळपास काहीच विद्युत्‌प्रवाह न घेता संकेत पुढे देतो. कॅप्सूलवरील भार टिकून राहावा म्हणून तेथे १ गिगाओहमचा, म्हणजे १०० कोटी ओहमचा रोधक जोडलेला असतो. कॅप्सूल, हा रोधक आणि एफईटीचे गेट जेथे एकत्र येतात, ती काही मिलिमीटरची जागा म्हणजे या यंत्राचा सर्वांत नाजूक बिंदू.

थोडा इतिहास

कंडेन्सर माईकचा शोध अमेरिकेतील अभियंते एडवर्ड वेंटे यांनी १९१६ मध्ये लावला. बर्लिनमध्ये जॉर्ज नॉयमन यांनी १९२८ मध्ये आपली कंपनी स्थापन करून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. या कंपनीचा १९४९ मधील यू ४७ हा व्हॉल्व्हवर चालणारा माईक पुढे स्टुडिओंचा मानदंड ठरला. व्हॉल्व्हची जागा एफईटीने घेतल्यावर वेगळ्या अवजड पुरवठा पेटीची गरज उरली नाही. १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीसाठी याच कंपनीने माईकच्या तारेतूनच ४८ व्होल्टचा पुरवठा देण्याची सोय केली. तेथे आणीबाणीच्या दिव्यांसाठी तेवढ्या दाबाचा पुरवठा आधीच होता, म्हणून हा आकडा पक्का झाला. आज प्रत्येक मिक्सर आणि ऑडिओ इंटरफेसवर दिसणारी ‘फॅन्टम पॉवर’ ती हीच. पाठोपाठ १९६७ मध्ये यू ८७ आला. आजचे बहुसंख्य संच यू ४७ अथवा यू ८७ यांच्या कॅप्सूलच्या धर्तीवर बेतलेले असतात.

संच निवडताना

कॅप्सूल आणि सर्किट यांचा मेळ हा निवडीतील कळीचा मुद्दा आहे. यू ४७ च्या वळणाची, म्हणजे के ४७ प्रकारची कॅप्सूल तुलनेने समतोल असते आणि सरळ, साध्या सर्किटशी तिचे जमते. के ६७ प्रकारच्या कॅप्सूलमध्ये मात्र वरच्या पट्टीतील ध्वनी मुळातच उठून येतात. यू ६७ आणि यू ८७ यांच्या मूळ सर्किटमध्ये हा उठाव दाबून समतल करण्याची योजना असते. अनेक स्वस्त तयार माईकांत के ६७ च्या वळणाची कॅप्सूल अशा योजनेविना साध्या सर्किटला जोडलेली असते. मग ‘स’, ‘श’ ही अक्षरे कानाला टोचतात आणि टाळ-झांजांचा नाद कर्कश होतो. संचाच्या माहितीपत्रकात कॅप्सूलचा प्रकार आणि सर्किटमधील ही तजवीज या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. केवळ कॅप्सूलच्या नावावर भुलू नये.

नवख्याने व्हॉल्व्हचा संच घेऊ नये. त्याच्या पुरवठा पेटीत घरगुती २३० व्होल्ट वीज येते आणि आतील धारित्रांत पेटी बंद केल्यावरही घातक दाब उरू शकतो. एफईटीचा संच ४८ व्होल्टवर चालतो आणि प्रवाहही काही मिलिअँपिअरच असतो, त्यामुळे शिकण्यासाठी तोच योग्य.

जुळणीचा क्रम

प्रथम सर्व भाग यादीशी ताडून पाहावेत आणि प्रत्येक रोधक मल्टिमीटरवर मोजून घ्यावा. १ गिगाओहमचा रोधक साध्या मल्टिमीटरच्या आवाक्याबाहेर असल्याने तो मोजताना तार तुटल्यासारखे दिसते. तो बिघाड नव्हे.

बोर्डवर आधी ठेंगणे भाग बसवावेत : रोधक, डायोड, मग लहान धारित्रे, त्यानंतर ट्रान्झिस्टर आणि शेवटी उंच इलेक्ट्रोलिटिक धारित्रे. इलेक्ट्रोलिटिक धारित्र आणि डायोड यांची दिशा चुकली तर पहिल्याच जोडणीत नुकसान होते. पॉलिस्टायरीनची धारित्रे उष्णतेने वितळतात, म्हणून सोल्डरिंग आयर्न त्यांच्या पायाशी दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकवू नये. एफईटी स्थिर विद्युतेने खराब होऊ शकतो, म्हणून त्याला हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा.

आपल्याकडील दुरुस्तीच्या दुकानांत सर्रास वापरली जाणारी सोल्डरिंग पेस्ट या कामात टाळलेली बरी. रोझिन भरलेली बारीक सोल्डर तार पुरेशी असते. नाजूक बिंदूवरील जोड अनेक संचांत बोर्डला न टेकवता टेफ्लॉनच्या खुंट्यांवर किंवा थेट हवेत केले जातात, कारण बोर्डच्या पृष्ठभागावरील मळ आणि ओल हीच विजेची चोरवाट ठरते. काम संपल्यावर हा भाग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुऊन पूर्ण वाळू द्यावा आणि पुन्हा बोटाने स्पर्शू नये.

कॅप्सूल सर्वांत शेवटी बसवावी. तोवर ती डबीतच राहू द्यावी. पटलाला बोट, कापूस किंवा ब्रश लागू देऊ नये; त्यावर फुंकरही मारू नये, कारण श्वासातील ओल आणि थुंकीचे कण तेथेच बसतात.

एका गिगाओहमचे गणित

स्वच्छतेचा एवढा आग्रह कशासाठी, हे आकड्यांवरून कळते. कॅप्सूलची धारकता ६० पिकोफॅरड आणि रोध १ गिगाओहम असेल, तर माईकचा खालचा टप्पा सुमारे २.७ हर्ट्झवर जातो. तो श्रवणमर्यादेच्या कितीतरी खाली आहे. फ्लक्सचा अवशेष किंवा ओल यांमुळे प्रभावी रोध १० कोटी ओहमवर उतरला, तर हा टप्पा २७ हर्ट्झच्या आसपास येतो. तो १ कोटी ओहमवर आला, तर सुमारे २६५ हर्ट्झच्या खालचे सर्व ध्वनी क्रमाने क्षीण होत जातात. हार्मोनियमच्या मध्य सप्तकातील पांढरी एक साधारण याच कंपनसंख्येची असते. म्हणजे पुरुष गायकाच्या आवाजाचा बराचसा पाया आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमारी यांनाच धक्का बसतो. त्याबरोबर कॅप्सूलवरील दाब घटून संवेदनशीलता उतरते आणि खरखर वाढते. गळती कधीच स्थिर नसते, म्हणून ती अधूनमधून चुटपुट फुटाणे फुटल्यासारखी ऐकू येते.

चाचणी आणि दोषनिदान

कॅप्सूल जोडण्यापूर्वी तिच्या जागी सुमारे ६८ पिकोफॅरडचे धारित्र लावून सर्किट तपासण्याची पद्धत उत्तम. फॅन्टम पॉवर दिल्यावर एक्सएलआरच्या पिन क्रमांक २ आणि ३ यांवरील दाब जवळपास सारखा असावा. एकाच जातीच्या एफईटींचे गुणधर्म नगागणिक खूप बदलतात. २एन३८१९ या प्रचलित एफईटीच्या माहितीपत्रकात एका मूलभूत प्रवाहाची मर्यादा २ ते २० मिलिअँपिअर अशी दिलेली असते. त्यामुळे संचात दिलेला ट्रिमर फिरवून, सूचनापत्रात सांगितलेला दाब प्रत्येक माईकमध्ये स्वतंत्रपणे साधावा लागतो.

येथे अनेकांची एक फसगत होते. कॅप्सूलवर ६० व्होल्ट अपेक्षित असताना मल्टिमीटर जेमतेम ०.६ व्होल्ट दाखवतो आणि सर्किट बिघडल्याचा समज होतो. वास्तविक मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो आणि १०० कोटी ओहमच्या पलीकडून येणारा दाब तो स्वतःच खाली ओढतो. हा दाब मोठ्या रोधकाच्या अलीकडे, पुरवठ्याच्या बाजूस मोजावा.

पुढील दोष नेहमी आढळतात. सतत गुणगुण येत असेल आणि आवरणाला हात लावताच ती बदलत असेल, तर आवरण किंवा जाळी पिन क्रमांक १ शी नीट जोडलेली नसते. तुटक फुटफुट हे मळ किंवा ओल यांचे लक्षण. आवाज क्षीण आणि पोकळ येत असेल, तर कॅप्सूलची पुढची-मागची बाजू तपासावी. दुसऱ्या माईकशेजारी ठेवून टाळी ध्वनिमुद्रित केली असता लहर उलटी दिसल्यास पिन २ आणि ३ च्या तारांची अदलाबदल झालेली असते.

पावसाळा आणि निगा

जून ते सप्टेंबर या काळात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हवेतील ओल इतकी वाढते, की हिवाळ्यात निर्दोष चालणारा माईकही कुरकुर करू लागतो. शक्य असल्यास जुळणी कोरड्या ऋतूतच उरकावी. वापर झाल्यावर माईक झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि सिलिका जेल वेळोवेळी तापवून कोरडे करावे. थंड वातानुकूलित खोलीतून दमट खोलीत आणलेला माईक लगेच सुरू न करता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. गायकापुढे जाळीचा पॉप फिल्टर लावल्यास पटलावर श्वासाची ओल बसत नाही.

हाताने जुळवलेला माईक दंतकथा बनलेल्या जुन्या माईकाची हुबेहूब प्रतिकृती होत नाही. कॅप्सूलचा ताण, आवरणाचा आकार आणि जाळीची वीण या सर्वांचा स्वरावर परिणाम होतो. तरीही त्याचा एक लाभ तयार वस्तूत मिळत नाही. मोठ्या शहरांपासून दूरच्या गावात स्टुडिओ माईक दुरुस्त करणारा कारागीर सापडणे कठीण असते. ज्याने प्रत्येक जोड स्वतः दिला आहे, त्याला पावसाळ्यात फुटफुट ऐकू येताच माईक टाकून देण्याचे किंवा दूरवर पाठवण्याचे कारण उरत नाही. तो आवरण उघडतो, त्या काही मिलिमीटरच्या जागेवर अल्कोहोलचा ब्रश फिरवतो, रात्रभर वाळू देतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण सुरू होते.