वलंदेज

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या मराठी राज्यकारभारावरच्या ग्रंथात टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची, जी नावं येतात, त्यांत एक आहे ‘वलंदेज’. म्हणजे हॉलंडचे लोक. पण ते स्वतःला असं कधीच म्हणवत नव्हते. हे नाव पोर्तुगिजांचं. त्यांच्या भाषेत हॉलंडच्या माणसाला ‘ओलांदेझ’ म्हणतात, सुरुवातीचा ‘ह’ लिहायचा पण उच्चारायचा नाही. कोकणी-मराठी जिभेवर ‘ओ’चा ‘व’ झाला आणि वलंदेज तयार. (‘इंग्रज’ही याच वाटेने आला.)

गंमत अशी की नाव देणारे आणि घेणारे हाडवैरी. 1636 पासून 1644 पर्यंत पावसाळा सरला की वलंदेजांचं आरमार गोव्यासमोर येऊन ठाकायचं. लिस्बनकडे निघालेली मसाल्याची जहाजं अडवायची, हा हेतू. गोवा जिंकण्यापेक्षा हे स्वस्त. 1639च्या सप्टेंबरअखेरीस त्यांनी थेट मुरगाव बंदरात शिरून पोर्तुगिजांची मोठी लढाऊ जहाजं जाळली. पण महिनोन्‌महिने समुद्रात नांगरून राहायचं तर पाणी हवं, तांदूळ हवा. आदिलशाहीच्या परवानगीने 1637 मध्ये वेंगुर्ल्याला वखार उभी राहिली ती बरीचशी यासाठीच. माझ्या मते तोफांपेक्षा या शिधासामग्रीनेच वेढा इतका टिकवला.

त्या वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. तिला आता कोणी वलंदेजांची म्हणत नाही. सगळे ‘डच वखार’च म्हणतात. हा ‘डच’ आला इंग्रजांकडून, आणि त्यांच्याशीही वलंदेजांची सतराव्या शतकातच तीन युद्धं झाली होती.