राक्षस शेकडो, गावकरी मोजके! फँटसी मिनिएचरच्या संचात नेमकं हवं तेच का मिळत नाही?

2016 मध्ये आलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्स'चा पहिला भाग आठवतोय? तळघरात चार मुलं टेबलाभोवती बसलीयेत. गोष्ट सांगणारा माइक एक छोटीशी मूर्ती टेबलावर आपटतो, 'डेमोगॉर्गन' म्हणून ओरडतो आणि बाकीच्यांची तंतरते.

त्या छोट्या मूर्तीला 'मिनिएचर' किंवा नुसतंच 'मिनी' म्हणतात. जगभरात लाखो लोक त्या जमवतात. पण कपाटभर मिनी असलेल्या माणसालाही विचाराल तर तो सांगेल, 'सगळं आहे, फक्त आजच्या खेळाला लागणारं तेवढं नाही.'

असं का होतं?

मुळात मिनी लागते कशाला?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजेच डी अँड डी हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे निर्माते. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, 'डंजन मास्टर' गोष्ट पुढे नेतो आणि निकाल फाशांवर ठरतो.

खेळ तोंडी चालतो, पण लढाई सुरू झाली की कोण कुठे उभं आहे यावरून वाद होतात. म्हणून चौकटींचा नकाशा आणि त्यावर मिनी. एक इंचाची चौकट म्हणजे खेळातले पाच फूट. माणूस एका चौकटीत मावतो, मोठ्या राक्षसाला दोन बाय दोन चौकटी लागतात, त्याहून मोठ्याला तीन बाय तीन.

सुरुवातीच्या मिनी धातूच्या होत्या आणि त्या स्वतः रंगवाव्या लागायच्या. 2003 मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने 'हार्बिंजर' नावाचा 80 मिनींचा संच आणला. प्लास्टिकच्या, आधीच रंगवलेल्या आणि बंद खोक्यात. एका खोक्यात आठ मिनी, त्यात दुर्मीळ एकच. आत काय आहे ते खोकं फोडल्यावरच कळणार.

पहिली फट: स्वतःचं पात्र

इथे साधं गणित करून पाहा. 2014 च्या नियमपुस्तकात खेळाडूला नऊ वंश मिळतात: माणूस, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग वगैरे. पेशे बारा: योद्धा, जादूगार, चोर, धर्मगुरू इत्यादी. नऊ गुणिले बारा म्हणजे 108 जोड्या. स्त्री आणि पुरुष अशा दोनच मूर्ती धरल्या तरी 216. त्यात तलवार की धनुष्य, चिलखत की झगा हे धरलेलंच नाही.

आता 60-80 मिनींच्या संचात निम्म्याहून जास्त जागा राक्षसांना गेल्या, तर उरलेल्यात काय काय बसवणार? मग पुरुष माणूस, हातात तलवार, ही मूर्ती पुन्हा पुन्हा निघते. नोम जातीची बाई, तीही ढोल वाजवणारी, असं पात्र घेतलं तर शोधत बसा.

स्त्री पात्रांची अडचण तर जुनीच आहे. एक तर त्या कमी आणि असल्या तरी बऱ्याचदा कपडे तोकडे. अंगभर चिलखत घातलेली, खरोखर लढायला निघाल्यासारखी दिसणारी बाई हवी असेल तर खूप शोधावं लागायचं. टेबलावर नव्याने बसलेल्या मुलीला तिच्या पात्रासाठी दाढीवाला योद्धा दिला गेला, तर 'हा खेळ आपला नाही' असं तिला वाटणं साहजिक आहे.

दुसरी फट: साधी माणसं

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यासाठी बाजारात गेलं की महाराज आणि मावळे मिळतातच, पण भाजीवाली, गवळण आणि विहिरीवर पाणी भरणारी बाईसुद्धा मिळते. फँटसी मिनीच्या संचांत नेमकी हीच माणसं कमी असतात.

खेळाची गोष्ट मात्र बहुतेक वेळा गावातल्या खानावळीतच सुरू होते. तिथला मालक, लोहार, हरवलेलं मूल, ओझं वाहणारं खेचर यांच्यासाठी मग बाटलीचं बूच नाहीतर नाणं ठेवतात. कारण सरळ आहे: दुर्मीळ ड्रॅगन निघाला की ग्राहक खूश, खानावळवाला निघाला की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं.

तिसरी फट: संख्या

कधी मिनी असते, पण हवी तेवढी नसते. समजा, एका संचात 20 दुर्मीळ मिनी आहेत, प्रत्येक निघण्याची शक्यता सारखी आहे आणि खोक्यात एकच दुर्मीळ आहे. तर ठरावीक एक मिनी मिळायला सरासरी 20 खोकी फोडावी लागतील. आणि डंजन मास्टरला टोळीने हल्ला करणारे तीन हवे असतील तर 60.

म्हणून सुट्या मिनींचा वेगळा बाजार उभा राहिला. खोक्यात जे कमी निघतं, त्याचा भाव तिथे चढतो.

कंपन्या या फटी भरत का नाहीत?

पहिलं कारण साचा. प्लास्टिकची मिनी काढायला धातूचा साचा बनवावा लागतो आणि तो महाग पडतो. हजारोंनी विक्री झाली तरच खर्च निघतो. धातूची मिनी रबराच्या स्वस्त साच्यात ओतता येते, त्यामुळे कमी मागणीच्या मूर्तीही परवडतात. रंगवलेल्या मिनीत प्रत्येक जादा रंगाचा खर्च वेगळा.

दुसरं कारण कायदा. 2000 मध्ये विझर्ड्सने खेळाचे बरेचसे नियम इतरांना वापरायला खुले केले. पण बिहोल्डर, माइंड फ्लेअर, डिस्प्लेसर बीस्ट, अंबर हल्क असे काही राक्षस स्वतःकडे राखून ठेवले. ड्रॅगन किंवा हाडांचा सापळा कुणीही विकू शकतो, बिहोल्डर नाही. त्यामुळे मूळ कंपनीने तो काढला नाही तर दुसरा कुणी त्याच नावाने काढू शकत नाही.

तिसरं कारण बदलते नियम. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत ड्रॅगनबॉर्न आणि टीफलिंग हे वंश मुख्य नियमपुस्तकात आले आणि नोम बाहेर गेला. पुस्तक एका दिवसात बदलतं, पण लोकांच्या कपाटातल्या मिनी त्याच राहतात.

त्यात मालिका बंदही पडते. 2003 ला सुरू झालेली ही मालिका 2011 मध्ये थांबली. 2014 मध्ये विझकिड्स कंपनीने परवाना घेऊन 'आयकॉन्स ऑफ द रेल्म्स' आणली. मधल्या काळात जुन्या संचातलं जे राहून गेलं, ते जुन्या बाजारातच शोधावं लागलं.

मग लोक काय करतात?

सर्वात जुना उपाय म्हणजे 'आजच्यापुरतं हे अस्वलच तो राक्षस समजा'. दुसरा म्हणजे कापाकापी: एकाचं डोकं, दुसऱ्याचं धड, तिसऱ्याची ढाल.

2012 मध्ये अमेरिकेतल्या रीपर कंपनीने स्वस्त, न रंगवलेल्या प्लास्टिक मिनींसाठी किकस्टार्टरवर लोकांकडून थेट पैसे मागितले आणि 34 लाख डॉलरहून जास्त जमले. दुकानात न दिसणारी मागणी किती होती, हे त्यातून कळलं. रीपरकडे गावकऱ्यांच्या मिनीही मिळतात.

2014 मध्ये 'हिरो फोर्ज'ने संगणकावर आपलं पात्र जुळवून त्याची थ्रीडी प्रिंट मागवायची सोय आणली. आता घरच्या प्रिंटरवरही मिनी निघतात. एकच प्रत काढायची असेल तर महागड्या साच्याची गरजच उरत नाही.

2020 मध्ये सारा थॉम्पसन यांनी लढाईत वापरता येईल अशा व्हीलचेअरचे नियम तयार केले आणि स्ट्रॅटा मिनिएचर्सने व्हीलचेअरवरच्या साहसवीरांच्या मिनी काढल्या. ज्यांना टेबलावर आपल्यासारखं कुणी दिसतच नव्हतं, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

आणि एक गंमत

खेळाची सुरुवातच अशा फटीतून झाली होती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राक्षसांच्या मिनी फारशा मिळतच नव्हत्या. गायगॅक्स यांनी खेळण्यातल्या प्लास्टिकच्या डायनोसॉरवर हात चालवून त्याचा ड्रॅगन केला. हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिक प्राण्यांची एक पिशवीही त्यांना मिळाली. ते प्राणी नेमके कोणते, हे ओळखू येत नव्हतं. मग त्यांना नावं आणि ताकदी दिल्या गेल्या.

त्यातूनच रस्ट मॉन्स्टर, आउलबेअर आणि बुलेट हे डी अँड डीचे तीन प्रसिद्ध राक्षस जन्मले. आज लोक त्याच तिघांच्या मिनी पैसे मोजून विकत घेतात.