पाटीवरचें नांव आणि यंत्राचें वय

राजांचा काळ ठरविण्यासाठीं इतिहासकार शिलालेख आणि ताम्रपट तपासतात. यंत्रांनाहि असा लेख असतो. तो म्हणजे अंगावर ठोकलेली कारखान्याची पाटी, किंवा ओतीव भागावर उठविलेलीं अक्षरें. तींत वर्ष दिलेलें नसलें, तरी कारखानदाराचें नांव आणि गांव नीट वाचल्यास काळाचा माग लागतो.

बागेंतील हिरवळ कापण्याचें यंत्र इंग्लंडांत एडविन बडिंग यानें १८३० सालीं शोधून काढलें. १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम यांनीं तें बनविण्यास आरंभ केला. भागीदार बदलले तसें कारखान्याचें नांवहि बदलत गेलें. 'रॅन्सम्स, सिम्स अँड जेफरीज लिमिटेड' हें नांव १८८४ चें. तें ज्या पाटीवर असेल, ती पाटी त्यापूर्वीची असूं शकत नाहीं.

हीच कसोटी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरास लावतां येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं १९०३ मध्यें लोखंडी नांगर तयार केला. १९१० मध्यें औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें कारखाना कुंडलजवळच्या माळावर आला, तीच किर्लोस्करवाडी. १९२० मध्यें त्याची मर्यादित कंपनी झाली. म्हणून वाडीचें नांव दिसल्यास अक्षरें १९१० च्या आधींचीं नव्हेत. 'लिमिटेड' दिसल्यास १९२० च्या आधींचीं नव्हेत.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. नांव बदललें तरी शिल्लक पाट्या आणि जुने साचे कांहीं काळ वापरांत राहूं शकतात. यास्तव 'याच्या आधींचें नाहीं' हा निष्कर्ष पक्का. 'याच्या नंतरचें नाहीं' हा मात्र कच्चा. शिवाय फाळ झिजला कीं नवा बसवितात. एका भागावरून साऱ्या नांगराचें वय ठरवूं नये.

बीड जिल्ह्यांत, मन्मथस्वामींच्या समाधीमुळें पावन मानल्या गेलेल्या कपिलधारच्या परिसरांत एखाद्या गोठ्यांत असा नांगर सांपडला, तर त्या अक्षरांचें मोल आणखी वाढेल. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. औंध संस्थानांत घडलेलें लोखंड तेथें केव्हां पोंचलें, हा शेतीच्या इतिहासांतील महत्त्वाचा प्रश्न आहे. खरेदीची पावती वा घरची खतावणी हातीं लागली, तर उत्तर सोपें. एरव्हीं त्या चार अक्षरांवांचून दुसरा साक्षीदार उरत नाहीं. नांगर भंगारांत गेला, कीं तो साक्षीदारहि भट्टींत वितळतो. तेव्हां विकण्यापूर्वीं निदान तीं अक्षरें वहींत उतरून ठेवावींत.